होडीला गालिचा कशाला?

मी आयुष्यात फारसा कोणाशी भांडलेलो नाही. एक तर मी बँकेत कारकून आहे, आणि भांडण्याचा हक्क आमच्या धंद्यात काउंटरच्या पलीकडच्या माणसाला असतो. दुसरं म्हणजे मी बी. कॉम. आहे. जमा आणि नावे जुळले की जगात वाद म्हणून काही उरत नाही, अशी माझी ऐन पंचविशीपर्यंत प्रामाणिक समजूत होती. (पुढे लग्न झालं.) पण आता चाळिशी उलटल्यावर मी एका वस्तूशी उघड वैर धरलं आहे आणि ते मिटवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. ती वस्तू म्हणजे जमीन. सातबाऱ्यावरची नव्हे, तसलं वैर चालवायला आमच्या शहापूर-मुरबाडात माझ्यापेक्षा अनुभवी घराणी आहेत. माझं वैर आहे होडीतल्या जमिनीशी. प्लायवुडच्या, रिपिटा मारून कायमच्या ठोकलेल्या, वरून हिरवा गालिचा चिकटवलेल्या जमिनीशी.

तुम्ही म्हणाल, शहापूरच्या कारकुनाचा होडीशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या तालुक्यात पाणी पुष्कळ, पण ते मुंबईचं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते, भातसाही तिलाच पाजते, आणि आम्ही मे महिन्यात टँकरची वाट बघतो. अशा गावच्या माणसाने होडीवर लिहायचं म्हणजे उपाशी माणसाने पंगतीचं वर्णन करण्यासारखंच. पण माझ्या बायकोचं माहेर मुरबाडकडचं, आणि बायकोला एक थोरला भाऊ आहे. संसारातल्या पुष्कळ गोष्टींचा उगम असा साधाच असतो.

हे आमचे मेव्हणे. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला दाजी म्हणतात, आणि त्या 'दाजी'त ते प्रसंगाप्रमाणे आदर, कीव किंवा 'जरा हे धरा' एवढं सगळं भरू शकतात. दादांनी गावचा तलाव मासेमारीसाठी ठेक्याने घेतला आहे. त्यात कटला, रोहू आणि मृगळ अशा तीन जातींची पिल्लं सोडतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं, पण नळावरून भांडण नाही. मृगळाविषयी मला आता फार आदर वाटतो. तळाशी काय चाललंय याची बातमी आमच्या साऱ्या गोतावळ्यात फक्त त्यालाच होती.

तर या तलावात माशांना पेंड आणि कोंडा टाकायला, जाळं ओढायला आणि रविवारी पाहुण्यांना फिरवायला दादांनी एक होडी आणली. चौदा फूट लांब, सपाट तळाची, मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेली. मोडीत निघालेली वस्तू दिसली की दादांचा हात आपोआप खिशाकडे जातो. होडी ॲल्युमिनियमची. वहिनी तिला 'जर्मलची होडी' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. आमच्या आज्यांच्या स्वयंपाकघरातल्या जर्मलच्या पातेल्यांचीच ती थोरली बहीण. हा धातू मोठा गुणी. हवा लागली की अंगावर आपोआप एक पातळसा पापुद्रा धरतो आणि तो पापुद्राच त्याला आतून खराब होऊ देत नाही. लोखंडासारखं गंजणं नाही, लाकडासारखं कुजणं नाही. म्हणजे होडी अशी की तिला देवाने तिचं तिचं राहू दिलं असतं तर ती दादांच्या नातवंडांनाही पुरली असती.

पण तिच्या तळाला आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्यावरून चालताना पाय अडखळतो, म्हणून पट्ट्यांवर जमीन घालायची असते. क्लबाने घातलेली जमीन कुजली होती. तीन वर्षांपूर्वी दादांनी ती काढून नवी घातली. अठरा एमेमचं प्लायवुड, दुकानदाराने पावतीवर 'वॉटरप्रूफ' असं आपल्या हाताने लिहून दिलेलं. त्यावर घट्ट चिकटवलेला हिरवागार गालिचा. कडेला पितळी पट्टी. होडीचा असा काही दिवाणखाना झाला की गावातली म्हातारी माणसं चपला काठावर काढून आत बसत. मीही बसलो. मीही "वा दादा!" म्हणालो. हे मी कबूल करतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते मी त्या दिवशी बोलायला हवं होतं.

गेल्या कार्तिकात आम्ही मुरबाडला गेलो होतो. मुरबाडला रेल्वे येणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे, त्यामुळे आम्ही नेहमीप्रमाणे स्कूटरनेच किन्हवली, सरळगाव करत कमरेचे मणके मोजत पोचलो. दुपारी दादा माशांना खाद्य टाकायला निघाले. बरोबर त्यांची धाकटी लेक, वय वर्षं नऊ. मी काठावर उभा होतो. पोरीने पेंडीचं घमेलं उचललं, मध्यावर उभी राहिली, आणि एकदम बुटकी झाली. क्षणभर मला वाटलं, बसली. बसली नव्हती. तिचा उजवा पाय गालिच्यासकट गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला होता. घमेलं एका बाजूला, पोर त्याच बाजूला, आणि तिला धरायला दादा झेपावले तेही त्याच बाजूला. होडी कलली आणि काठावरून पाणी आत आलं. ते येताना आवाज होत नाही हे मला तेव्हा कळलं.

मला पोहता येत नाही. मी काठावर "दादा! दादा!" एवढंच करत होतो. होडी काठापासून वीसेक हातांवर होती म्हणून, आणि जाळ्यावरचा गडी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून पोचला म्हणून निभावलं. पोरीच्या नडगीला पाच टाके पडले. छाती फुगवणारी ती नारिंगी जाकिटं दादांनी होडीबरोबरच विकत घेतली होती. ती घरी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, बंद. उन्हाने रंग उडतो म्हणून.

त्या संध्याकाळी घरात फार कोणी बोललं नाही. रात्री जेवताना दादा म्हणाले, "दाजी, उद्याच नवीन प्लायवुड आणतो. ह्या वेळी पंचवीस एमेमचं."

आणि मी, ज्याने सासुरवाडीत आजवर "भात वाढू का?" याखेरीज कोणत्याही प्रश्नावर मत दिलेलं नाही, तो म्हणालो, "नाही. आणायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही ती जमीन उखडली. साठ-सत्तर रिपिटा एकेक करून ड्रिलने काढायच्या, म्हणजे ज्याने त्या मारल्या त्याला आठवायला भरपूर वेळ मिळतो. गालिचा सोलला. खाली प्लायवुड होतं, म्हणजे एके काळी होतं. आता त्याची चहात बुडवून विसरलेली खारी झाली होती. एकेक पापुद्रा बोटाने उचलता येत होता. वरचा पापुद्रा, गालिच्याखालचा, तेवढा शाबूत दिसत होता, आणि तेवढ्याच भरवशावर माणसं तीन पावसाळे त्यावर उभी राहिली होती. त्याखाली पिवळा फोम. तो क्लबाच्या वेळचा. होडीत पाणी भरलं तरी तिने तरंगत राहावं म्हणून जमिनीखाली हा भरतात. तो काढून पिळला. पिळला म्हणतोय मी! तरंगण्याकरता ठेवलेली वस्तू पिळली की पाणी निघत होतं. हिशेबाची सवय म्हणून सांगतो, एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ किलो. आमच्या होडीत चार घनफूट फोम असावा. तो निम्मा जरी पाणी प्यायलेला असला तरी ५६ किलो. म्हणजे एक सबंध माणूस तीन वर्षं आमच्याबरोबर जमिनीखाली फुकट प्रवास करत होता, आणि होडी बुडायला लागली असती तर तो आमच्या बाजूने नव्हे, तलावाच्या बाजूने ओढणार होता. ताळेबंदात राखीव निधी म्हणून दाखवलेली रक्कम प्रत्यक्षात कर्ज निघावी, तसा प्रकार.

आता या 'वॉटरप्रूफ'चं काय ते बघू. दुकानदाराशी माझं वैयक्तिक काही नाही. त्याने पावतीवर जे लिहिलं ते खोटं असेलच असंही नाही. घोटाळा पुढेच आहे. प्लायवुडच्या प्रती असतात. 'एम. आर.' म्हणजे दमट हवा सोसणारं. दमट हवा, पाणी नव्हे. त्याच्या वरचं 'बी. डब्ल्यू. आर.', ते जास्त सोसतं. आणि सगळ्यांत वरचं होड्या-जहाजांसाठीचं, ज्यावर आय. एस. ७१० असा आकडा असतो; त्याचा तुकडा ७२ तास उकळून बघतात. ७२ तास! आमच्याकडे वाल तेवढे शिजवले तर त्यांची नावनिशाणी राहणार नाही. त्या उकळण्यातून पापुद्रे सुटले नाहीत की प्लायवुड पास.

पण वाचकहो, पास काय झालं? पास झाला तो डिंक! उकळतात ते दोन पापुद्र्यांमधली चिकटी धरते की सोडते हे पाहायला. लाकूड कुजण्याचा आणि उकळण्याचा संबंध नाही. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला उकळतं पाणी नको असतं. तिला हवी असते नुसती ओल, थोडी हवा आणि ऊब. लाकूड साफ कोरडं ठेवा, कुजत नाही. साफ पाण्याखाली बुडवून ठेवा, हवा नाही म्हणून तरीही फार काळ टिकतं. जुन्या लोकांनी विहिरीत जांभळाचं लाकूड घातलं ते काही वेड्यासारखं नाही. कुजतं ते मधल्या अवस्थेतलं. वर गालिचा, खाली अडकलेलं पाणी, मध्ये कोंडलेली हवा, आणि आमचा चार महिन्यांचा पाऊस. आम्ही जमीन घातली असं आम्हांला वाटत होतं. आम्ही अळंबीचा वाफा केला होता.

त्यातही पाऊस गोड्या पाण्याचा. समुद्रावरची माणसं या बाबतीत नशीबवान, खाऱ्या पाण्यात बुरशीचं फारसं चालत नाही. पूर्वी लाकडी जहाजं बांधताना फळ्यांच्या मधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरत. यात शास्त्र कळायला आपल्याला विलायतेला जायला नको. लोणच्यात मीठ कमी पडलं की श्रावणात बरणीवर काय येतं, हे कोणत्याही गृहिणीला विचारा.

मी हे सगळं बोललो तेव्हा दादांनी त्यांचा हुकमाचा पत्ता काढला. "मग खरंखुरं सातशे दहा आणू! त्यात बुरशीचं औषध मुरवलेलं असतं दाजी, मी विचारून आलोय." हे खरं आहे, आणि त्यांनी विचारून यावं याचं मला कौतुकही वाटलं. पण एक तर ते करवतीने कापलं की कापलेल्या कडेचं पोट उघडं पडतं, आणि तिथे तीन-तीन हात एपॉक्सी मारल्याखेरीज पाणी आत शिरतंच. आमच्या होडीत दिव्याच्या वायरीसाठी, खुर्चीसाठी, छत्रीसाठी मिळून अकरा भोकं पाडली होती. एकाच्याही कडेला काही मारलेलं नव्हतं. दुसरं असं की त्या औषधांत पुष्कळदा तांबं असतं. आणि तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं एका ओल्या घरात पटत नाही. दोघं चिकटून ओली राहिली की त्यांच्यात बॅटरीसारखा विजेचा व्यवहार सुरू होतो, आणि त्या व्यवहारात तांब्याचं काही जात नाही. झिजतं ते ॲल्युमिनियम. एक सावकार, एक कूळ.

हे मी पुस्तकी बोलतोय असं दादांना वाटलं. पुरावा अर्ध्या तासात मिळाला. होडीच्या पुढच्या टोकाला, फोमच्या खाली, चिखलात काहीतरी गोल लागलं. दादा एकदम गप्प झाले. मग वहिनींकडे बघू लागले. वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? तुम्हीच मागितला होता." तो भोकाचा पैसा होता! १९४३ ते ४७ च्या काळातला, दादांच्या आजीच्या बटव्यातला, काश्याचा. जमीन घातली त्या मुहूर्तावर दादांनी तो शकुन म्हणून तळाला ठेवला होता, आणि वरून प्लायवुड ठोकून टाकलं होतं. काश्यात बहुतेक सगळं तांबंच. तलावात शेण, चुना टाकतात, ते पाणी खाली साचलेलं. पैसा उचलला, चिखल पुसला, तर खाली ॲल्युमिनियमवर पैशाएवढाच पांढरा चट्टा, आणि चट्ट्याच्या मध्यावर चक्क खड्डा. नखाला लागेल एवढा खोल. आणखी दोन-तीन पावसाळे मिळते तर भोकाच्या पैशाने होडीला भोक पाडलं असतं.

"शकुनाचा ठेवला होता," दादा म्हणाले.

"आता तरी पटलं?" मी म्हणालो, आणि बायकोने मला मागून चिमटा काढला.

इथे माझ्या वैराचं मूळ आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. पैसा ठेवला याला माझी हरकत नाही. घाणेरडं पाणी साचलं याला नाही. लाकूड कुजलं यालाही नाही. लाकूड आहे, कुजणारच. माझी हरकत आहे ती या सगळ्यावर साठ-सत्तर रिपिटा मारून वर गालिचा चिकटवण्याला. कारण त्या घटकेपासून होडीच्या तळाशी काय होतंय हे जाणून घ्यायचा एकच मार्ग उरला होता, आणि तो एका नऊ वर्षांच्या पोरीच्या पायाने शोधून काढला.

आमच्या बँकेत मी नवखा असताना एका जुन्या हेडक्लार्कबरोबर गोदाम-तपासणीला गेलो होतो. तारण ठेवलेल्या भाताची पोती. मी पुढच्या रांगा मोजल्या, पोत्यांची उंची मोजली, गुणाकार केला आणि सहीसाठी पेन काढलं. हेडक्लार्क म्हणाले, "वरची पोती बघून सही करायला मालक स्वतःच पुरे होता. तुला कशाला आणलंय?" आणि त्यांनी हमालाकडून मधली चार पोती उतरवली. माल व्यवस्थित होता. यातून काही भानगड निघाली नाही हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हांला वाटेल मी गोष्ट रचतोय. पण पोतं उतरवता येत होतं. ही मुख्य गोष्ट. त्या गोदामात कोणी वरच्या पोत्यांवर गालिचा चिकटवला नव्हता.

आता तुम्ही आपल्या घरातलं बघा. स्वयंपाकघरात सिंकच्या खाली प्लायवुडचं कपाट आहे ना? दाराला छान सनमायका आहे ना? आतला तळ शेवटचा कधी पाहिलात? मी आमचा पाहिला, मुरबाडहून परत आल्यावर त्याच रात्री. पाहिला म्हणजे हात घातला आणि हात पलीकडे गेला. बायको म्हणाली, "तरीच झुरळं कुठून येतात कळत नव्हतं." दादांकडच्या जुन्या घरात मातीची जमीन होती. सासूबाई दर आठ दिवसांनी ती शेणाने सारवायच्या. आम्ही तिला मागासलेली म्हणायचो. पण सारवताना त्या जमिनीच्या वीत न् वीत भागावरून सासूबाईंचा हात फिरत होता. उंदराचं बीळ, वाळवीची वाट, भिंतीतली ओल, सगळं आठ दिवसांच्या आत सापडायचं. मग आम्ही फरशी घातली, सुधारलो, आणि वाळवी थेट दाराच्या चौकटीतून बाहेर आली तेव्हा तिची आमची ओळख झाली.

कोणी म्हणेल, हा गृहस्थ लाकडाच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही. मुंबईच्या गोदीत वाड्यांनी १८१७ साली सागवानाची एक युद्धनौका बांधली, ट्रिंकोमाली नावाची. ती आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यात उभी आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. दोनशे वर्षं उलटून गेली! आमच्या प्लायवुडने तीन पावसाळे काढले. तिचं लाकूड थोर होतं हे खरंच. पण तसल्या जहाजांवर तळाशी किती पाणी साचलंय हे रोज मोजायचा आणि पंपाने उपसायचा शिरस्ता होता. तळाशी कोणी हिरवा गालिचा चिकटवून वर खुर्च्या मांडल्या नव्हत्या. आयकराच्या कोष्टकात लाकडी सामानाला वर्षाला १० टक्के घसारा आहे आणि जहाजाला २०. आमची वस्तू लाकडी सामानही होती आणि जहाजही. पण बुरशीने दोन्ही कोष्टकं वाचली नव्हती.

दादांच्या बाजूनेही बोलायला हवं. उघड्या ॲल्युमिनियमवर उन्हाचे पाय भाजतात, ओलं असलं की घसरायला होतं, आणि डबा जरी पडला तरी असा आवाज होतो की मासे पलीकडच्या काठाला जातात. जमीन हवीच. ज्याला प्लायवुडचीच हवी त्याने खुशाल घालावी, पण कडा आणि भोकं भरून, रिपिटांऐवजी स्टीलचे स्क्रू लावून, कडेने पाणी निसटायला जागा ठेवून, आणि गालिच्याचे पैसे वाचवून. हे चार नियम मी दादांना कागदावर लिहून दिले. त्यांनी तो कागद पेंडीच्या पोत्यावर ठेवला आणि एका सुतारमामांना बोलावून आणलं.

सुतारमामा सत्तरीचे. उमेदीची वर्षं वसईच्या बाजूला मच्छिमारांच्या होड्यांवर काढलेली, आता मुरबाडला नातवाकडे असतात. त्यांनी खारी झालेलं प्लायवुड हातात घेऊन चुरलं, वास घेतला, आणि विचारलं, "ह्ये कुनी ठोकलं?" दादा म्हणाले, मी. "उचलायचं कसं मग?" दादा म्हणाले, उचलायचं नाही, पक्कं आहे. मामांनी दादांकडे असं बघितलं, की परीक्षेत नापास झालेल्या पोराकडे मास्तरसुद्धा इतक्या मायेने बघत नाही. "आवं, व्होडीत पानी येनारच. ती व्होडी हाय. तळाची फळी उचलायची, डब्यान् पानी काढायचं, फळी उनात टाकायची. फळी ठोकली तर डबा कुठनं घालशाल?"

मी गेले दोन दिवस आय. एस. क्रमांक, बुरशी, विजेचा व्यवहार आणि युद्धनौका घेऊन जे सांगत होतो, ते मामांनी एका डब्यात घातलं. दादांना लगेच पटलं. मला जरा वाईट वाटलं, पण इलाज नाही.

मग मामांनी आमच्या जुन्या न्हाणीघरात असायची तसली जाळी केली. म्हणजे दोन-दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या, मध्ये बोटभर फट, खालून आडव्या काठ्या. लाकूड दादांच्याच पाडलेल्या घराच्या वाशांतलं, साठ वर्षं धूर खाल्लेला साग. घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हापासून ते वासे गोठ्यामागे मोडीत पडले होते, त्यामुळे दादांना दुप्पट आनंद झाला. जाळीचे तीन तुकडे, एकेकट्याने उचलता येतील एवढे. धातू आणि लाकडाच्या मध्ये रबराच्या पट्ट्या, आणि जागच्या जागी राहायला लाकडी खिट्ट्या. खिट्टी फिरवली की तुकडा मोकळा. तो ओला फोम फेकून दिला, आणि नवा फोम जमिनीखाली न कोंडता बाकांच्या पोटात घातला, तोही झडप उघडून हाताने दाबून बघता येईल असा. त्या खड्ड्यावर ॲल्युमिनियमचं ठिगळ बसवलं. जाकिटं आता होडीतच, खिळ्याला टांगलेली असतात. रंग उडायला लागला आहे.

होडी पुन्हा पाण्यात घालायच्या दिवशी वहिनींनी नारळ, हळदकुंकू आणलं आणि कमरेचा बटवा सोडला. मी ओरडलोच. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शकुनाशिवाय पोरीला मी होडीत बसू देणार नाही." दादा म्हणाले, दाजी सांगतात ते बरोबर आहे. वहिनी म्हणाल्या, "दाजी बँकेत आहेत ना? मग त्यांनीच द्यावं चांगलं नाणं."

हा मात्र माझ्या खात्याचा प्रश्न होता. मी शहापूरला परतलो आणि घर पालथं घातलं. शेवटी मसाल्याच्या जुन्या डब्यात सापडलं. वीस पैसे, षट्कोनी, १९८० च्या दशकातले, अस्सल ॲल्युमिनियमचे. लहानपणी आम्ही ते पाण्याच्या बादलीत अलगद ठेवून तरंगवत होतो. २०११ च्या जूनअखेर सरकारने पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून काढली, त्यामुळे बँकेच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य. होडीच्या दृष्टीने ते घरचंच माणूस. पुढच्या रविवारी मी ते घेऊन गेलो, वहिनींनी त्याला कुंकू लावलं, आणि भाचीने पुढची जाळी उचलून ते तळाला ठेवलं.

भाचीचा पाय आता बरा आहे. होडीत पाय टाकण्याआधी ती खिट्टी फिरवते, जाळी उचलते आणि नाणं जागेवर आहे का बघते. दादा म्हणतात, रोजच्या रोज काय बघायचं, वीस पैसे कोण चोरणार? तिने मला फोनवर सांगितलं, "मामा, पैसे होते. पण खाली थोडं पाणी होतं. मी डब्याने काढलं."